सराफी पेढीवर हिरा ठेवायचा आहे? उदगीरहून सांगते, पायरीपायरीने

2016च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. त्याच दिवसांत, पेरणीच्या तोंडावर, उदगीरच्या आमच्या पेढीवर एक शेतकरी जोडपं आलं. बाईंनी पदराची गाठ सोडून अंगठी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "वहिनी, ही मोडा. सोयाबीनच्या बियाण्यापुरते आले तरी लई झालं." सोबत बिल होतं, नीट घडी घालून पिशवीत जपलेलं. दोन वर्षांपूर्वी सुनेसाठी मोठ्या शहरातल्या एका दुकानातून घेतलेली, 48 हजारांची हिऱ्याची अंगठी.

काट्यावर ती 3.6 ग्रॅम भरली. सोनं 18 कॅरेटचं. त्या दिवशीच्या भावाने सोन्याचे साडेसात-आठ हजार होत होते. राहिले हिरे: मध्ये एक लहान आणि भोवती तांदळाच्या कणीएवढे सोळा. मी मुंबईत तीन ठिकाणी फोन लावला. तिघांचंही म्हणणं एकच, खडे काढून पाठवा, मग बघू. ज्यांनी अंगठी विकली त्यांच्या बिलावर परत घेण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. बाई विचारत होत्या, "मग चाळीस हजार गेले कुठं?" सराफाच्या घरात दहा वर्षं काढूनही मला उत्तर देता येईना.

ते उत्तर शोधता शोधता मी हा धंदा शिकले. आता अहमदपूर, परळी, वसमत, जिंतूर अशा गावांतले तरुण सराफ विचारतात, "काकू, काउंटरला हिरा ठेवावा का?" ठेवा, पण खालच्या पायऱ्या गाळू नका. आपल्याकडे दागिना हौसेइतकाच अडीनडीसाठी घेतला जातो. सोनं मोडता येतं, गहाण ठेवता येतं, रात्री दहाला दार वाजवलं तरी त्याचे पैसे होतात. हिऱ्याचं तसं नाही. हे ज्या सराफाला नीट उमगलं नाही, त्याने हिरा विकायला घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

1. भाव कोणाच्या हातात आहे ते आधी समजून घ्या

सोन्याचा भाव सकाळी मोबाइलवर येतो. उदगीरला जो, थोड्याफार फरकाने तोच लातूरला आणि मुंबईला. दहा ग्रॅम शुद्ध सोनं म्हणजे दहा ग्रॅम शुद्ध सोनं, कोणाच्याही तिजोरीत असो. हिऱ्याचे दोन खडे सारखे नसतात, म्हणून त्याला एक भाव नाही. आणि जिथे एक भाव नसतो, तिथे माल ज्याच्या ताब्यात आणि माहिती ज्याच्याकडे, त्याचा भाव चालतो. हिऱ्याच्या धंद्याचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरा पुरवणारा देश जवळजवळ आपलाच होता. खाणी कृष्णेच्या खोऱ्यात आणि बाजार गोवळकोंड्याला. पुढे 1860च्या दशकाच्या शेवटी दक्षिण आफ्रिकेत हिरे मिळाले, तेही इतके की भाव कोसळेल अशी भीती पडली. तेव्हा खाणी एकत्र करून सेसिल ऱ्होड्सने 1888 साली डी बीयर्स कंपनी उभी केली. 1929 साली तिची सूत्रं अर्नेस्ट ओपेनहायमरकडे गेली आणि जगातला बहुतेक कच्चा हिरा लंडनच्या एकाच खिडकीतून विकला जाऊ लागला. मागणी घटली की कंपनी माल कोठारात दाबून ठेवायची, मागणी वाढली की हात सैल सोडायची.

विकायची पद्धत नीट लक्षात ठेवा, कारण तिचा वास आजही आपल्यापर्यंत येतो. वर्षातून दहा वेळा ठरावीक व्यापाऱ्यांना बोलावायचं. त्या विक्रीला 'साइट' म्हणतात आणि त्या व्यापाऱ्यांना 'साइटहोल्डर'. प्रत्येकापुढे कच्च्या मालाची एक पेटी यायची. आत काय आणि किमतीला किती, ते कंपनीने ठरवलेलं. घ्यायची तर अख्खी पेटी घ्या, नाही तर ठेवा. चार चांगले खडे निवडून बाकीचे परत करण्याची सोय नव्हती, आणि नाही म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावणं येईलच याची खात्री नसायची.

दुसरा हात जाहिरातीचा. हिरा कायमचा असतो, हे घोषवाक्य 1947 साली फ्रान्सिस गेरेटी या जाहिरात लेखिकेने डी बीयर्ससाठी लिहिलं. लग्नाच्या मागणीला हिऱ्याची अंगठीच हवी ही रीत अमेरिकेत त्या मोहिमेने पक्की केली. माझ्या मते त्या वाक्याचा अर्धा अर्थ असा की तो कधी विकायचा नाही. घराघरातले जुने हिरे बाजारात परत आले असते, तर कोठार सांभाळून भाव धरून ठेवणं कोणालाच जमलं नसतं.

आता एकछत्री राज्य राहिलेलं नाही. 1996 साली ऑस्ट्रेलियातली आर्गाइल खाण त्या व्यवस्थेतून बाहेर पडली, 2000 साली डी बीयर्सनेच माल साठवून भाव धरण्याचं जुनं धोरण सोडलं, 2013 साली साइट लंडनहून बोत्सवानातल्या गॅबरोनला गेल्या. रशियाची अलरोसा ही दुसरी बलाढ्य कंपनी. युक्रेन युद्धानंतर तिच्या हिऱ्यांवर अमेरिका आणि युरोपने बंदी घातली. पण पुरवठा रोखून भाव सावरण्याचा विचार कुठे गेला नाही. 2023 साली 15 ऑक्टोबर ते 15 डिसेंबर या दोन महिन्यांत आपल्याच व्यापारी संघटनांनी कच्च्या हिऱ्याची आयात थांबवायचं आवाहन केलं, कारण सुरतेत माल तुंबला होता आणि भाव घसरत होता.

जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी नऊच्या आसपास सुरतेत पैलू पडून निघतात. तिथून माल मुंबईच्या बांद्रा-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये, तिथून घाऊक व्यापारी, मग दलाल, आणि शेवटी तुम्ही. मोठ्या साखळी दुकानांची खरेदी थेट वरच्या पायरीवर होते, म्हणून त्यांच्या भावाशी झुंजायच्या भरीला पडू नका. त्यात मी दोन दिवाळ्या घालवल्या.

2. भावाची यादी वाचायला शिका

न्यूयॉर्कचे मार्टिन रॅपापोर्ट 1978 पासून हिऱ्यांच्या भावांची यादी काढतात. दर आठवड्याला गुरुवारी रात्री ती नवी होते. मुंबईत तिला नुसतं 'रॅप' म्हणतात. त्यातले आकडे शंभर डॉलरच्या पटीत आणि दर कॅरेटला असतात.

समजा अर्ध्या कॅरेटच्या एका प्रतीपुढे 20 लिहिलंय. म्हणजे कॅरेटला 2,000 डॉलर, आणि तुमचा खडा 0.50 कॅरेटचा असेल तर यादीप्रमाणे 1,000 डॉलर. पण यादीच्या भावाने कोणी घेत नाही. व्यापारी म्हणेल, "चाळीस बॅक". म्हणजे यादीपेक्षा 40 टक्के कमी, 600 डॉलर. हा 'बॅक' किती, यावरच सगळी घासाघीस चालते. नव्या माणसाला चाळीस टक्के सूट ऐकून आनंद होतो. त्याच मालाला शेजारच्या केबिनमध्ये पंचेचाळीस बॅक चाललेलं असतं. एकाच खड्याचा भाव तीन ठिकाणी विचारल्याशिवाय पाकिटाला हात घालू नका.

यात दोन सापळे आहेत. पहिला डॉलरचा. सौदा डॉलरमध्ये ठरतो, पैसे रुपयात द्यायचे असतात, आणि डॉलर कोणत्या दराने धरला हे शेवटी चिठ्ठीवर दिसतं. दोन रुपये जास्त धरले तर वरच्या सौद्यात बाराशे रुपये उगाच गेले. दर आधी बोलून घ्या.

दुसरा सापळा वजनाच्या पायऱ्यांचा. यादीत 0.30, 0.40, 0.50, 0.70, 0.90 आणि 1.00 कॅरेट अशा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर भाव उडी मारतो. 0.48चा आणि 0.50चा खडा बोटात घातल्यावर कोणाला वेगळा ओळखू येत नाही, पैशात मात्र मोठा फरक पडतो. गिऱ्हाइकाला 'अर्धा कॅरेट' म्हणून 0.48 देणं ही फसवणूक आहे. उलट खरं वजन सांगून 0.48 दिला तर त्याचे पैसे वाचतात. मी बहुधा तोच सुचवते.

बारीक मालाला रॅप लागत नाही. तो चाळणीच्या मापाने, कॅरेटवर, रुपयात विकला जातो. स्टार, मेली, प्लस इलेव्हन हे शब्द कानावर पडतील. ती चाळणीची मापं आहेत. आपल्या पेढ्यांवर नव्वद टक्के काम याच मालाचं असतं, म्हणून आधी हा शिका, सॉलिटेअर (एकट्याने बसवायचा मोठा खडा) नंतर.

कॅरेट या शब्दाचा घोळ काउंटरवर रोज होतो. सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता, हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन. एक कॅरेट 200 मिलिग्रॅम, पाच कॅरेटचा एक ग्रॅम, आणि कॅरेटचे शंभर सेंट. जुनी माणसं रतीत विचारतात. त्यांना मान द्या, पण बिल कॅरेटमध्येच करा, कारण रती गावोगाव वेगळी धरतात.

3. कागदपत्रं

मुंबईला जाण्याआधी ही फाइल तयार ठेवा:

- पॅन आणि जीएसटी नोंदणी. पैलू पाडलेल्या सुट्या हिऱ्यावर दीड टक्का आणि दागिन्यावर 3 टक्के जीएसटी आहे. सुटा माल घेऊन दागिना विकताना हिशोबात गोंधळ होतो. सीएला पहिल्याच महिन्यात विचारा.
- दुकानाची नोंदणी (गुमास्ता) आणि उद्यम नोंदणी.
- सोन्याचे हॉलमार्क दागिने विकण्यासाठी बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी. ती ऑनलाइन होते.
- पेढीच्या नावाचं चालू खातं. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि 2 लाखांच्या वरच्या विक्रीला गिऱ्हाइकाचा पॅन लागतो.
- ज्वेलर्स ब्लॉक विमा. साधा दुकानाचा विमा प्रवासातल्या मालाला लागू होत नाही. दुसऱ्याचा माल तुमच्याकडे पाहायला आलेला असेल तर तोही पॉलिसीत धरला आहे का, हे एजंटकडून लेखी घ्या.
- ओळखीच्या दोन सराफांची नावं. बोर्समध्ये ओळखीशिवाय कोणी पुडी उघडत नाही.

4. हत्यारं

दहा पटीचा लूप (सराफाचं भिंग), हिऱ्याचा चिमटा, कॅरेटमध्ये दोन दशांशांपर्यंत मोजणारा काटा, चाळणीचा संच, पांढरा ट्रे, आणि हिरा तपासायचा टेस्टर. टेस्टर घेताना मोइसनाइट (हिऱ्यासारखा दिसणारा दुसराच खडा) वेगळा दाखवणाराच घ्या. नुसता उष्णतेवर चालणारा टेस्टर मोइसनाइटलाही हिरा म्हणतो.

उजेडाकडे लक्ष द्या. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली कोणताही खडा हसतो. रंग पाहायचा तर सकाळी दहा-अकराला उत्तरेकडच्या खिडकीत, पांढऱ्या कागदाच्या घडीत खडा उलटा ठेवून पाहा. आमच्या माडीवर अशी एक खिडकी आहे, तिथे मी अजूनही दर नवा माल घेऊन बसते.

अजून एक, कारण गिऱ्हाइकं हट्ट धरतात. खरा हिरा ऐरणीवर घण मारला तरी फुटत नाही, हा समज चुकीचा आहे. हिरा सर्वांत कठीण आहे म्हणजे त्याला ओरखडा पडत नाही. नेमक्या दिशेने ठोका बसला की तो चिरतो. काचेवर रेघ ओढूनही काही सिद्ध होत नाही. काचेवर रेघ ओढणारे खडे पुष्कळ आहेत.

5. मुंबईची खरेदी: पुडी, जांगड, उधारी

रात्रीच्या गाडीने जा आणि पहिल्या खेपेला काही घेऊ नका. बोर्समध्ये ओळखपत्र आणि पास लागतो, म्हणून ज्याच्याकडे जायचं त्याला आधी कळवा. केबिनमध्ये गेलात की तो ड्रॉवरमधून पुड्या काढेल. पांढऱ्या कागदाची पाच-सहा घड्यांची पुडी, आत निळसर पातळ कागद, वर पेन्सिलीने वजन आणि लॉटचा नंबर. पुडी उघडताना घडीचा क्रम लक्षात ठेवा आणि तसाच बंद करा. पहिल्यांदा मी चुकीची घडी उघडली आणि दीड कॅरेट बारीक माल ट्रेबाहेर सांडला. व्यापारी एक शब्द बोलले नाहीत. आम्ही चौघं गुडघ्यावर बसून, फरशीवर टॉर्च आडवा धरून खडे वेचत होतो आणि शेवटी काट्यावर वजन बरोबर भरल्यावरच मी श्वास सोडला. तेव्हापासून पुडी उघडण्याआधी ट्रे मांडीला टेकवून घेते.

आता जांगड. हा शब्द तुम्हाला पहिल्याच दिवशी ऐकू येईल. "भाभी, पैसे राहू द्या, जांगडवर घेऊन जा. विकलं तर द्या." ऐकायला गोड आहे. जांगड म्हणजे माल पाहण्यासाठी, पसंतीसाठी तुमच्या ताब्यात दिला. मालकी त्याचीच. चिठ्ठीवर सही केलीत की तुम्ही विश्वस्त झालात. हरवला, चोरीला गेला, खडा चिरला, तर चिठ्ठीवर लिहिलेला भाव भरावा लागतो, आणि माल परत दिला नाही तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं. म्हणून:

- चिठ्ठीवर प्रत्येक पुडीचं वजन, नग, प्रत आणि भाव लिहून घ्या. भाव सौद्याचाच असू द्या. "चिठ्ठीवर थोडा जास्त लिहितो, त्याने काय होतं" असं म्हटलं तर सही करू नका.
- परत द्यायची तारीख लिहा. जीएसटीच्या नियमात पसंतीसाठी दिलेल्या मालाला सहा महिन्यांची मुदत आहे, पण व्यवहारात पंधरा दिवसांच्या वर ठेवू नका.
- जांगडचा खडा दागिन्यात बसवू नका. एकदा बसवला की तो तुम्ही घेतलाच.
- परत देताना त्याच चिठ्ठीवर 'माल मिळाला' अशी सही घ्या. ही सही राहिली म्हणून भांडणं होतात.

पाहायच्या मालाची शर्त आधी लिहिली नाही की काय होतं, याचं उदाहरण आपल्याच जुन्या राज्यातलं आहे. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सहावे निजाम महबूब अली खान यांनी अलेक्झांडर जेकब नावाच्या व्यापाऱ्याकडून 184.75 कॅरेटचा एक हिरा घ्यायचं ठरवलं. मोठी रक्कम आधी जमा केली, हिरा आल्यावर नापसंत केला आणि पैसे परत मागितले. 1891 साली हे प्रकरण कलकत्त्याच्या हायकोर्टात गाजलं. शेवटी हिरा निजामाकडेच राहिला, पुढच्या निजामांनी तो पेपरवेट म्हणून वापरला, आणि 1995 साली भारत सरकारने निजामाच्या जवाहिरासोबत 218 कोटींत घेतला. तो हिरा दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीचा मानतात. ज्याच्या राज्यात गोवळकोंडा, तोही तोवर आफ्रिकेचा हिरा घेत होता. बाजार किती सरकला होता ते एवढ्यावरून कळावं.

उधारीचं थोडक्यात. साठ, नव्वद, एकशेवीस दिवस सहज मिळतात, पण त्या भावात व्याज आधीच मिसळलेलं असतं. रोखीचा आणि उधारीचा भाव वेगवेगळा विचारा. आपल्याकडे हिऱ्याची विक्री लग्नसराई आणि दिवाळी अशी दोनदाच होते. श्रावणात घेतलेल्या मालाची मुदत दिवाळीआधीच संपणार असेल, तर ती उधारी तुमच्या कामाची नाही.

6. लॅबमधला हिरा: इथे सगळ्यात जास्त सांभाळा

यंत्रात तयार होणारा हिरा हा काचेचा खडा नाही. तोही कार्बनचाच, तितकाच कठीण, तितकाच चमकणारा. 1954 साली अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत असा हिरा पहिल्यांदा भरवशाने तयार झाला. आज दोन पद्धती आहेत: प्रचंड दाब आणि उष्णतेची एचपीएचटी, आणि वायूतून थर चढवण्याची सीव्हीडी. सुरतेत दोन्हीचे कारखाने आहेत. खाणीवर ताबा ठेवून भाव धरता येतो, पण यंत्र कोणालाही विकत घेता येतं, म्हणून या मालाचा भाव धरायला कोणी नाही आणि तो वर्षागणिक उतरत गेला. डी बीयर्सनेही 2018 साली लाइटबॉक्स या नावाने कॅरेटला 800 डॉलरने लॅबचे हिरे विकायला काढले आणि 2025 साली तो धंदा बंद करायचं जाहीर केलं.

लॅबचा हिरा विकणं गैर नाही. हौसेला, रोजच्या वापराला, कमी पैशात मोठा खडा हवा असेल तर मी तो स्वतः दाखवते. पण वेगळ्या ट्रेमध्ये, वेगळ्या रंगाच्या टॅगवर, आणि बिलावर 'लॅब-ग्रोन' असं ठळक लिहून. उद्या मोडायला आणलात तर हिऱ्याचं काही येईल असं धरू नका, हेही तोंडाने सांगते.

धोका आहे तो मिसळीचा. 2019 साली मी एका दलालाकडून बारीक माल घेतला. त्यातले 38 खडे एका शिक्षिकेच्या कुड्यांत बसवले. तिच्या मुलीने पुण्यात तपासून घेतले तेव्हा त्यातले दोन लॅबचे निघाले. दोनच. मी कुड्या पूर्ण पैशात परत घेतल्या, पण त्या बाईंच्या चेहऱ्यावरचा भाव अजून आठवतो. आमच्या तीन पिढ्यांच्या ओळखीत त्यांनी पहिल्यांदा पावती मागून घेतली. दलाल म्हणाला, "मी तर मधला माणूस." त्याच्या बिलावर माल नैसर्गिक असल्याचं कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि चूक माझी होती, की मी ते वाचलं नव्हतं.

तेव्हापासूनचा माझा नेम:

- साध्या टेस्टरवर विसंबायचं नाही. लॅबचा हिरा त्यावर हिराच दाखवतो.
- प्रत्येक लॉट मुंबईत प्रयोगशाळेतून स्क्रीनिंग करून घ्यायचा. बांद्रा-कुर्ला संकुलात ही सोय आहे. खर्च येतो, तो भावात धरायचा.
- खरेदी बिलावर दोन गोष्टी छापलेल्या हव्यात: हिरे फक्त नैसर्गिक आहेत, आणि ते युद्धखोरांच्या पैशाला मदत न करणाऱ्या, कायदेशीर मार्गाने आले आहेत. दुसरं वाक्य हिऱ्याच्या धंद्यातल्या जागतिक संघटनेच्या हमी पद्धतीतलं आहे आणि नीट व्यापारी ते बिलावर छापतोच.

कोणी "आमच्या हिऱ्याला किंबर्ले सर्टिफिकेट आहे" म्हणाला तर सावध व्हा. 2003 पासून चालणारी ती व्यवस्था फक्त कच्च्या हिऱ्याच्या पाकिटांसाठी आहे, तयार दागिन्याला तिचं सर्टिफिकेट नसतं.

7. सर्टिफिकेट आणि हॉलमार्क यांची गल्लत करू नका

हॉलमार्क सोन्याचा. त्यात बीआयएसचं चिन्ह, शुद्धता (18 कॅरेटला 18K750, 14ला 14K585) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक असतो. बीआयएस केअर अ‍ॅपवर तो टाकून गिऱ्हाइकासमोर दाखवा. हॉलमार्क हिऱ्याबद्दल काही सांगत नाही. कुंदन, पोलकी आणि जडाऊला हॉलमार्कची सक्ती नाही, म्हणून तिथे सोन्याची शुद्धता तुम्ही बिलावर लिहून द्यायलाच हवी.

हिऱ्याचं सर्टिफिकेट प्रयोगशाळेचं असतं. रंग डीपासून झेडपर्यंत, मग स्वच्छता, पैलूंची घडण आणि वजन. ही पट्टी अमेरिकेच्या जीआयए संस्थेने घालून दिली. 30 सेंटच्या वरचा सुटा खडा सर्टिफिकेटशिवाय घेऊ नका. त्यावरचा नंबर खड्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असतो, तो लूपमधून वाचा आणि संस्थेच्या संकेतस्थळावर ताडून पाहा. सगळ्या प्रयोगशाळांचा हात सारखा कडक नसतो. एकाचा जी दुसऱ्याचा एच होतो. म्हणून दोन खड्यांची तुलना करताना दोन्ही सर्टिफिकेटं एकाच प्रयोगशाळेची आहेत ना, ते पाहा. बसवलेल्या दागिन्याच्या सर्टिफिकेटवर 'जीएच, व्हीएस' (रंग जी ते एच, स्वच्छता व्हीएस) अशी प्रत जोडीने येते, कारण सोन्यात बसलेला खडा पूर्ण तपासता येत नाही. ते चालतं, फक्त गिऱ्हाइकाला तसं सांगा.

8. बिल असं करा, आणि मोडीचं आधी लिहा

त्या 48 हजारांच्या अंगठीच्या बिलावर एकच ओळ होती: हिऱ्याची अंगठी, एक नग. चाळीस हजार कुठे गेले, ते त्या ओळीत लपलं होतं. थोडे हिऱ्याच्या खऱ्या घाऊक भावात, बरेचसे मधल्या हातांत, घडणावळीत, दुकानाच्या भाड्यात आणि जाहिरातीत. यातलं काहीच मोडीत परत येत नाही.

आमच्या बिलावर सात गोष्टी वेगवेगळ्या असतात: एकूण वजन, खड्यांचं वजन वजा करून निव्वळ सोनं, सोन्याची शुद्धता आणि भाव, हिऱ्यांचे नग आणि कॅरेट, हिऱ्याची प्रत आणि कॅरेटचा दर, घडणावळ, जीएसटी. खड्याचं वजन सोन्यात धरून सोन्याचा भाव लावणं ही जुनी चोरी आहे. कारागिराकडून दागिना आला की मी दोन्ही वजनं स्वतः करते.

बिलाच्या पुढच्या बाजूला, सहीच्या वर, मराठीत ही ओळ छापून घेतली आहे: "सोनं मोडीच्या दिवसाच्या भावाने परत घेऊ. नैसर्गिक हिरा बिलातल्या हिऱ्याच्या किमतीच्या 70 टक्क्यांनी, बदलीत घेतल्यास 85 टक्क्यांनी. लॅब-ग्रोन हिऱ्याचे पैसे परत मिळणार नाहीत." टक्के तुमच्या ताकदीप्रमाणे ठरवा. पाळता येणार नाही असा आकडा लिहू नका. पाऊस बुडवतो त्या वर्षी पाच जण एकाच आठवड्यात येतात. हे परतीचे पैसे उभे राहावेत म्हणून मी हिऱ्याच्या प्रत्येक विक्रीतून थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकते आणि त्याची वही वेगळी ठेवते. 2025च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पूर आला, रानं वाहून गेली, तेव्हा ते खातं निम्म्याहून जास्त रिकामं झालं. एकालाही परत पाठवावं लागलं नाही.

गिऱ्हाइकाला बिल हातात देताना ही ओळ मोठ्याने वाचून दाखवा. काही जण हिरा ठेवून सोन्याकडे वळतील. वळू द्या. तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915, हाही नंबर आम्ही बिलावर छापतो. आमच्या लाइनीतल्या दोघा-तिघांना सुरुवातीला ते पटलं नाही, पण आता त्यांच्याही बिलावर तो आलाय.

पहिला माल किती घ्यायचा, हे सगळेच विचारतात. दोन लाखांच्या वर जाऊ नका: बारीक मालाच्या चार-पाच अंगठ्या, दोन जोड कुड्या, एखादी चमकी, सगळं 18 कॅरेटमध्ये. नाकातल्या चमकीने सुरुवात केलेली मला सगळ्यात बरी वाटते. तीन-चार सेंटचा एक खडा, किंमत आवाक्यात, आणि आपल्या भागातल्या बाया ती रोज घालतात, म्हणून खड्यात काही उणं असेल तर महिन्याभरात तुमच्या कानावर येतं.